वाट चुकवणाऱ्या दगडाची कैफियत

मित्रांनो, मी एटापल्लीकडच्या जंगलातला एक जुना लोहदगड आहे. जुना म्हणजे किती जुना, हे सांगायला गेलं की ऐकणारे जांभया देतात. तुम्ही तरी देऊ नका. आजवर सगळ्यांनी माझं बोलणं अर्ध्यावर तोडलं आहे.

माझ्यातलं लोखंड पृथ्वीच्याही आधीचं. ते एका अवाढव्य ताऱ्याच्या पोटात तयार झालं. तो तारा फुटला, आम्ही धुळीसारखे अवकाशात उधळलो आणि पुढे तशाच धुळीतून सूर्याभोवती पृथ्वी जमत गेली. तेव्हा ती तापून वितळलेली होती. माझे बहुतेक भाऊबंद जड, म्हणून बुडत बुडत थेट तिच्या पोटात जाऊन बसले. तिथे वितळलेलं लोखंड आजही घुसळत असतं. त्या घुसळण्यातूनच पृथ्वीभोवती चुंबकत्वाचं कवच तयार होतं आणि सूर्याकडून येणारा तिखट कणांचा मारा बाहेरच्या बाहेर वळवला जातो. शेजारच्या मंगळाकडे पाहा. त्याचं कवच फार लवकर गेलं आणि हवाही हळूहळू उडून गेली. कधीकाळी तिथेही पाणी वाहत होतं. आता नुसती गार, कोरडी, तांबडी धूळ. तरीही आमचे कोणी आभार मानल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी मात्र वरच राहिलो, समुद्राच्या पाण्यात विरघळून. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव उन्हावर जगत आणि प्राणवायू सोडत. तो आम्ही गिळत गेलो. युगानुयुगं गिळला! गिळून जड झालो आणि थरावर थर तळाशी बसलो. पाण्यातलं लोखंड सरत आलं, तेव्हा कुठे उरलेला प्राणवायू हवेत साठू लागला. मग समुद्रतळाचे डोंगर झाले, डोंगरावर जंगल आलं. एकदा माझ्यावर वीज कोसळली आणि मी चुंबक झालो.

एवढं सगळं झाल्यावर जवळच्या गावातल्या दसरूभाऊंनी मला उचलून घरी नेलं. कशाला? तर मोहफुलं वाळत घातलेली ताडपत्री उडू नये म्हणून!

दसरूभाऊंचा मुलगा कुलदीप तेव्हा लहान होता. त्याने एकदा माझ्याजवळ खिळे आणले आणि ते टपाटप मला चिकटले. आठवडाभर गावातली पोरं मला पाहायला येत होती. मग तीही कंटाळली आणि मी गोठ्याच्या फाटकाला अडकण म्हणून पडलो. गाईने माझ्यावर काय काय केलं, ते सांगत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात कुलदीप आलापल्लीच्या कॉलेजातून सुट्टीला आला. सरांना दाखवायचं म्हणून त्याने मला धुतलं आणि पाठीवरच्या पिशवीत टाकलं. वाटलं, चला, आता तरी कोणी माझी गोष्ट विचारेल. पण दुसऱ्याच दिवशी तो तीच पिशवी घेऊन मोठ्या बहिणीसोबत तेंदूपत्ता तोडायला निघाला. मला बाहेर काढायचं त्याला सुचलंच नाही.

ही बहीण, अन्नपूर्णा, माहेरी आली होती. तिचं तान्हं बाळ घरी आजीजवळ होतं. नाल्यापलीकडे पानं चांगली आहेत, असं कुलदीपने सांगितलं. तो भाग दोघांच्याही पायाखालचा नव्हता. पानांच्या नादात ते आत आत गेले. आभाळ भरून आलं, सूर्य दिसेना. गाव उत्तरेला, एवढंच ठाऊक.

"काऊन घाबरतं, बाई? मोबाइलात दिशा दिसते," कुलदीप म्हणाला. त्याने पिशवी पोटाशी घेतली आणि मोबाइल तिच्यावरच ठेवला.

मी ओरडून सांगत होतो, अरे, मला दूर ठेव! पण दगडाचं कोण ऐकतं? मोबाइलातला होकायंत्राचा काटा माझ्या ओढीने भलतीकडे वळत होता आणि हा शहाणा त्याच्यामागे चालत होता. पाणी संपलं. पुढे पुन्हा तोच नाला, आणि काठावर अस्वलाने नुकतीच उकरलेली माती.

अन्नपूर्णा मटकन खाली बसली. दुधाने तिची चोळी भिजली होती.

"माह्यं लेकरू भुकेलं असन," ती म्हणाली. "कुठी आणलं तू मले?"

कुलदीपचा चेहरा उतरला. त्याने माचिस काढली. "जाळ करतो. धूर पाहून कोणी तरी येईन."

"येडा झाला का? सारा पाला वाळला हाय! जंगल पेटलं त घर कुठी राहीन आपलं?" तिने माचिस हिसकावून घेतली.

कुलदीपने चिडून पिशवी आपटली आणि मोबाइल घेऊन दूर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने तिथूनच ओरडला, "बाई, काटा फिरला!" तो पिशवीपाशी आला, मागे गेला, पुन्हा आला. मग त्याने मला बाहेर काढलं. "या धोंड्यानं मारलं असतं आपल्याले!"

धोंडा! आणि तो काटा आता उत्तरेकडे कोणी वळवला? पृथ्वीच्या पोटातल्या माझ्याच भाऊबंदांनी! वाट चुकली त्याचा दोष माझा, सापडली त्याचं श्रेय मोबाइलचं. मला वारुळापाशी टाकून दोघं धावत सुटली.

मी तिथेच पडून चरफडत होतो. काही दिवसांनी गावातल्या बायका त्या बाजूला आल्या. अन्नपूर्णाही होती, बाळ पाठीशी बांधलेलं. तिने मला ओळखलं. बाळाला पाठीवरून सोडून मांडीवर घेतलं, माझ्याशेजारी बसली आणि पाजू लागली.

"पोचलो रे आम्ही त्या दिवशी," ती मला म्हणाली. "रडून रडून निळं झालतं हे."

माझ्याशी असं कोणी कधीच बोललं नव्हतं. मला तिला बरंच सुनवायचं होतं, पण बाळ पिता पिता झोपलं आणि त्याचा ऊन श्वास माझ्या अंगाला लागू लागला. मी कितीतरी युगं गिळला आणि शेवटी उरू दिला, तोच प्राणवायू ते इवलंसं पोर फुकटात ओढत होतं, सोडत होतं. माझं भांडण घशातच राहिलं.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. पृथ्वीभोवतीचं ते कवच माझे भाऊबंद खालून सांभाळतील, तिथवर तुमचा हात पोचत नाही. पण ही हवा, हे पाणी, हे जंगल तुमच्या हाताशी आहे. एका काडीने ते पेटवायला निघता, धुराने भरून टाकता, तेव्हा मला भयंकर राग येतो. ते सांभाळा. मला खुशाल फाटकाला लावा, मी कुरकुरत पडून राहीन.