हिरव्या ठिपक्यांचं कापड

आमच्या विभागात काही मोडलं की माणसं नाहीशी होतात. पाण्याचा पंप जळो, जनरेटरने मान टाको, जो तो आपल्या खोलीचं दार लावून घेतो आणि फोनवर मोठमोठ्याने कुणालातरी आशीर्वाद देत बसतो. अशा विभागात प्रोफेसर अडेगोके यांनी उभं आयुष्य ज्या प्रथिनावर काढलं, त्याचा स्वभाव मात्र नेमका उलटा. माणसाच्या पेशीच्या केंद्रकात ते एरवी सगळीकडे पसरून असतं. डीएनएचा धागा कुठे तुटला की तिथे धाव घेतं, घोळका करतं आणि दुरुस्ती करणाऱ्यांना हाका मारून बोलावतं. त्याचं नाव त्रेपन्न-बीपी-वन. ऐकायला मोटारीचा नंबर वाटतो, पण आमच्या अख्ख्या इमारतीत इतकं जबाबदार दुसरं कोणी नाही, इथे शिकवणारी मी धरून.

हा घोळका बघायचा तर पेशी आधी मारावी लागते, मग तिला रंग द्यायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके दिसतात. जितके ठिपके, तितकी मोडतोड. पेशी आधी मरते आणि मगच रंगते, एवढं लक्षात ठेवा.

सरांची कीर्ती झाली ती एका निबंधामुळे. पेशींवर क्ष-किरण सोडले, काहींना तसंच ठेवलं, काहींना एवुरोच्या कडू पाल्याचा रस दिला. निबंधात दोन चित्रं शेजारी शेजारी छापली होती. डावीकडची, रस न दिलेली पेशी ठिपक्यांनी भरलेली, उजवीकडची, रस दिलेली, चकचकीत. तेव्हापासून सर रेडिओवर बोलतात, मोठ्या लोकांच्या घरच्या बारशाला पहिल्या रांगेत बसतात. आमच्या इबादान शहरात ज्या घरी एवुरो नुसता कालवणात पडायचा, तिथे तो आता औषध म्हणून नाक दाबून पितात.

मोरेनिके ही सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. तिने तोच प्रयोग पुन्हा केला. ठिपके जाईनात. तिने कोवळा पाला घेतला, जून घेतला, बाजारातला घेतला. ठिपके होते तिथेच. सरांच्या खोलीत ती दर खेपेला गुडघे टेकून नमस्कार करायची आणि बोलणी खाऊन यायची. एकदा मी तिथेच होते.

"मोरेनिके, बाळा, तू भांडी नीट घासत नाहीस."

"घासते, सर."

"मग पाला वाईट असणार."

"सर, या वेळचा पाला तुमच्याच परसातला आहे. तुमच्या घरच्या मॅडमनी स्वतः खुडून दिला."

सरांनी चष्मा काढून पुसला. "हल्लीच्या मुलींना चिकाटी म्हणून नाही. ठिपके गेल्याशिवाय या प्रबंधावर माझी सही होणार नाही. देवच तुला मार्ग दाखवील."

सही नाही तर पदवी नाही. अबेओकुटाच्या कॉलेजने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण पदवी हातात आली तरच. पोरगी बाहेर येऊन माझ्यापुढे रडली. "मॅडम, ठिपके पुसून टाकू का? संगणकावर एका दुपारचं काम आहे." मी म्हटलं, "पुसलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." बोलायला माझं काय जातंय! नोकरी तिची जायची होती.

अशात सरांचं उद्घाटन-व्याख्यान ठरलं. प्रोफेसर झालेल्या माणसाने झगा घालून, गावाला गोळा करून, आपण काय केलं ते सांगायचं. या व्याख्यानानंतर प्रश्न विचारायचे नाहीत, असा आमच्याकडे रिवाज आहे. टाळ्या, प्रार्थना, जेवण. अशी सोय मला माझ्या लग्नात मिळाली असती तर बरं झालं असतं.

आणि समारंभ म्हणजे आशो-एबी आलंच. सगळ्या गोतावळ्याने एकाच छापाचं कापड अंगावर घालायचं. कापड समितीची अध्यक्ष म्हणून माझी नेमणूक झाली, कारण बायकांना कापडातलं कळतं. सरांनी हुकूम सोडला, "इबिरोन्के मॅडम, छापात माझा फोटो हवा. आणि ती दोन चित्रं हवीत, चांगली ताटाएवढी."

छापून आलं. मधे हसरे सर, एका बाजूला ठिपकेवाली पेशी, दुसऱ्या बाजूला स्वच्छ पेशी. विद्यार्थ्यांनी घेतलंच पाहिजे, असं ठरल्यामुळे मोरेनिकेच्या आईनेही घेतलं. मी माझा पोशाख शिंप्याकडे टाकला आणि विसरून गेले.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृहात जिकडे बघावं तिकडे सर. छातीवर सर, पाठीवर सर, एका धिप्पाड काकूंच्या बैठकीवर तर सर पुरते पसरले होते. ढोल वाजले, प्रार्थना झाली, प्रार्थनेनंतर आणखी एक प्रार्थना झाली. सर तास-दीड तास बोलले. त्रेपन्न-बीपी-वनने स्वतः ऐकलं असतं तर त्यालाही आपली इतकी स्तुती पचली नसती.

टाळ्या थांबताहेत तोच पहिल्या रांगेतून सरांच्या आत्याबाई उठल्या. त्या वयाच्या बाईला बसवायची छाती कुलगुरूंचीही नव्हती. त्यांनी आपल्या पदराचं कापड दोन्ही हातांत ताणून धरलं.

"अलाओ!" त्यांनी सरांना लहानपणच्या लाडक्या नावाने हाक मारली. "बाळा, मला शाळा नाही, पण डोळे आहेत. हा बघा, हाच तो! इकडे अंगभर देवी आलेल्या, तिकडे खडखडीत बरा! तोच चेहरा, कडेला उंदराने कुरतडल्यासारखी तीच खाच! एवुरोने बरं केलं गं बाई त्याला!"

सभागृह हसलं. सर तर विरघळले. हात जोडून, माइकमधून, सगळ्या विद्यापीठाला ऐकू जाईल असं म्हणाले, "होय आत्या, तोच. तोच बरा झाला."

माझ्या हातातला पंखा थांबला. मी माझ्या मांडीवरचं कापड ओढून बघितलं. उजवीकडचं चित्र आडवं फिरवलेलं होतं, पण खाच तीच होती. तोच, आणि बरा झालेला! अहो, फोटो काढायचा तर तो आधी मेला पाहिजे. मेलेल्याला रस पाजून त्याचे ठिपके गेले असतील तर सरांना नुसतं प्रोफेसर कशाला करायचं, त्यांच्या नावाने चर्चच काढायला हवं. निबंधात चित्रं नखाएवढी होती म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही. आता ती तीनशे माणसांच्या अंगावर होती. शेजारी मोरेनिके टाळ्या वाजवत नव्हती. तिनेही पाहिलं होतं.

"मॅडम," ती कुजबुजली, "प्रश्न विचारता येत नाही ना?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि निमूटपणे जोलोफ भात खायला गेली. मला तिचा राग आला. माझाही आला. ज्यांना कळलं होतं ते आम्ही सगळे मूग गिळून कोंबडीचे तुकडे चावत होतो.

थोड्याच आठवड्यांत लागोसहून परीक्षक आले. इतर मुलांसाठी ते येणारच होते, म्हणून सरांनी मोरेनिकेलाही तोंडी परीक्षेला बसू दिलं. चारचौघांत परत पाठवली की पोरगी ताळ्यावर येईल, असा त्यांचा बेत होता. तसं त्यांनी मला हसत हसत सांगितलंही.

विभागाच्या वतीने मीही परीक्षेच्या खोलीत बसले होते. मोरेनिके आत आली ती आशो-एबी घालून. शिंप्याने काय कापलं होतं! सरांचा फोटो कुठेतरी काखेत गेला होता. छातीवर दोन पेशी शेजारी शेजारी, एक फिरवून दुसरीशी जुळवलेली, खाचेला खाच. एक ठिपक्यांची, एक पुसलेली. ती गुडघ्यांवर बसली, अगदी जमिनीला टेकून.

"सर, तुमच्या मानासाठी हेच घालून आले."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच अडकलं. ते तिच्या छातीकडे बघत होते, मग भलतीकडे बघायला लागले, मग परत तिकडेच. आत्याबाईंना माइकवरून आपण काय कबूल केलं, ते त्यांना आत्ता कळलं.

तिने प्रबंध मांडला. एवुरोचा रस दिला तरी ठिपके राहतात, हे तिने न अडखळता सांगितलं. परीक्षक भला माणूस. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"पोरी, तुझे मार्गदर्शक म्हणतात ठिपके जातात. तू म्हणतेस राहतात. मग त्यांच्या चित्रात गेले कसे?"

  ती सरांविरुद्ध एक शब्द बोलली असती तर उद्धट ठरली असती, आणि उद्धट मुलीला आमच्याकडे कुणी पदवी देत नाही.

"सर, ते चित्र प्रोफेसर साहेबांचं आहे," ती खाली मान घालून म्हणाली. "त्याबद्दल ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. चित्र इथेच आहे, हवं तर बघा." आणि तिने दोन्ही हात बाजूला घेतले.

परीक्षक खुर्चीतून पुढे वाकले. "छान कापड आहे हो. ही दोन्ही..."

"मुलीचं काम चोख आहे!" सर एकदम ओरडले. "माझ्या वेळचा पाला वेगळा होता, हवा वेगळी होती. विज्ञान पुढे जातं. आणा तो कागद इकडे."

"तुम्हाला तिला काही विचारायचं नाही?"

"माझा काही प्रश्न नाही," सर म्हणाले, आणि सही करताना त्यांचं पेन कागदातून आरपार गेलं.

बाहेर पडताना मोरेनिकेने पुन्हा गुडघे टेकले. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाळा, ते कापड आता पुन्हा घालू नकोस."

"सर," ती म्हणाली, "आईने अख्खा तागा घेतलाय. अबेओकुटाच्या सगळ्या नातलगांना शिवून झालंय."