भाजीवरच्या ताटलीचं म्हणणं

मी ताटली बोलतेय. जेवायची नव्हे. माझ्यात आजवर कुणी एक घासही खाल्लेला नाही आणि त्याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाही. मी कढईवर बसते. कढईत भाजी, माझ्यात पाणी आणि खाली मंद आच. एवढंच माझं काम. पण हे ‘एवढंच’ ज्यांनी ज्यांनी तोंड वाकडं करून म्हटलं, त्यांच्याशी मी मनातल्या मनात जन्मभर भांडत आले आहे. आज उघड बोलते.

मी पितळेची. एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात घडले. कारागीर शेजाऱ्याशी गप्पा मारत ठोकत होता. हसताना त्याचा एक घाव तिरपा बसला आणि माझ्या पोटात मधोमध फुगवटा आला. जमिनीवर ठेवली की मी गिरकी घ्यायची. त्याने मला मोडीच्या ढिगावर फेकलं.

तेवढ्यात एक गुजराती बाई लेकीला घेऊन दुकानात आल्या. चांगल्या दहा-बारा ताटल्या चाळून झाल्यावर त्यांचा हात ढिगाकडे गेला.

“ती नका घेऊ हो, डुगडुगते,” कारागीर म्हणाला.

“मला कुठे जमिनीवर ठेवायचीय? कढईवर बसली म्हणजे झालं. आणि कल्हई पाठीला लावा.”

“पाठीला? सगळे पोटाला लावतात.”

“सगळे पोटाच्या बाजूने जेवतात. माझी भाजी पाठीकडे असणार.”

कारागिराने डोकं खाजवलं, पण कल्हई पाठीलाच लावली. त्या दिवशी मला कळलं, की आपलं व्यंग कुठे आहे यापेक्षा आपल्याला बसवतात कुठे, हे महत्त्वाचं.

त्या बाईंची रीत अशी. तेल तापलं की मोहरी, मग जिरं, हिंग, थोडे तीळ, कधी ओवा. त्यावर चिरलेली भाजी, हळद, तिखट, धणे-जिऱ्याची पूड. पाणी थेंबभरसुद्धा नाही. मग मला वर ठेवायचं आणि माझ्यात वाटीभर पाणी ओतायचं. खालून वाफ उसळते, माझ्या गार पाठीला आपटते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि टपटप खाली पडतं. भाजी स्वतःच्याच रसात शिजते. शेवटी गूळ आणि लिंबू. लेक तेव्हा आठेक वर्षांची होती, स्टुलावर उभी राहून बघायची. आई तिला सांगायची, “भाजीत पाणी घातलं की ती पाण्याची होते. वर ठेवलं की भाजीची राहते.”

ती लेक मोठी झाली, चष्म्यांचं दुकान असलेल्या एका मराठी चष्मेवाल्याच्या प्रेमात पडली आणि लग्न करून त्याच्या घरी गेली. तिच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत मीही होते.

सासूबाईंनी मला बाहेर काढून उलटसुलट केलं. “झाकणं काय आमच्याकडे नव्हती?”

पहिल्या दिवशी तिने भेंडी केली. सासूबाईंनी एक घास घेतला, पान किंचित पुढे सरकवलं. “भाजी आहे की पक्वान्न?”

“आई, गूळ गोडासाठी नाही घालत. तिखटाला आवर घालायला घालतात,” ती हळू आवाजात म्हणाली. पण दुसऱ्या दिवशीही गूळ घातलाच. तिसऱ्या दिवशीही. सासूबाई महिनाभर कुरकुरल्या, मग नुसत्या जेवू लागल्या आणि एके दिवशी शेजारणीला सांगताना मी ऐकलं, “आमची बेन भेंडीला तार सुटू देत नाही हो!”

तेव्हापासून ती सगळ्यांची बेन झाली. इमारत तिला बेन म्हणायची, भाजीवाली बेन म्हणायची. एकट्या नवऱ्याची पंचाईत. बायकोला ताई म्हणण्यातलाच प्रकार! तो बिचारा जन्मभर ‘अगं’वरच राहिला.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सून आली. सून दातांच्या दवाखान्यात कामाला, मोठी व्यवस्थित मुलगी. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवणारी. तिचं माझं वाकडं नव्हतं. सरळही नव्हतं.

मग बेनला ताप आला. आठवडाभर ती अंथरुणात होती. उठली तेव्हा अशक्त होती, बाकी ठीक. तिने फोडणी केली आणि हिंग टाकून थबकली. पुन्हा चिमूटभर टाकला. पुन्हा. मग डबी उचलून तरातरा वाण्याकडे गेली.

मी तिथे नव्हते. पण परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, ते मी ओट्यावरून ऐकलं.

“मी त्याला म्हटलं, हिंग म्हणून पीठ विकतोस का? त्याने नवी डबी फोडली. दुकानातली माणसं नाकाला रुमाल लावून मागे सरली हो. आणि मी डबीत नाक घालून उभी. काही नाही. काहीच नाही.”

चष्मेवाल्याने तिच्या हातातली डबी काढून घेतली. मग म्हणाला, “डोळ्यांना नंबर असतो, नाकाला नसतो. असता तर पहिला चष्मा तुला बसवला असता.”

ती हसली नाही.

वास गेला आणि त्याच्यामागून चवही गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीतर नाहीही येणार. असलं उत्तर तर मीसुद्धा दिलं असतं!

पुढचे दोन महिने वाईट गेले. एकदा मीठ दोनदा पडलं. एकदा दूध करपून घर धुराने भरलं आणि ती शेजारच्या खोलीत शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलगा धावत आला. त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, “आई, तू आता आराम कर. आपण डबा लावू.”

 मला वाटलं, आता बेन उसळेल. नाही उसळली.

डबा आला. त्यातली भाजी रोज नाव बदलून यायची, पण लाल रस्सा तोच. सोमवारचा फ्लॉवर आणि गुरुवारचं वांगं जुळे भाऊ वाटावेत! मी रिकाम्या कढईवर बसून सगळं बघत होते. मग एका रविवारी सुनेने ओटा आवरला आणि मला नेऊन बाल्कनीत कुंडीखाली ठेवलं. तिने वाईट हेतूने नाही केलं. तिला कुंडीतून गळणारं पाणी धरायला काहीतरी हवं होतं आणि मी पाणी धरते, हे तिने पाहिलेलं होतं.

पण मातीचं पाणी! माझ्या पोटात चिखल साचला. एक गोगलगाय माझ्या काठावरून रोज आरामात फेरी मारायची. मी तिला सांगायची, बाई, मी इथली नाही. ती ऐकायची नाही. मी ठरवलं होतं, हिरवी पडले तरी चालेल, पण कुंडीची ताटली म्हणून मरायचं नाही.

एका मंगळवारी, घरात कुणी नसताना, बेन बाल्कनीत आली. तिने कुंडी दोन्ही हातांनी उचलली, मला काढलं आणि चिंच-मीठ लावून घासघास घासलं. स्वतःशीच बोलत होती. मला वाटतं, माझ्याशीच.

“नाक गेलं. कान आहेत ना? बोटं आहेत ना?”

आणि तिने कढई चढवली.

त्या दिवसापासून, दुपारी घर रिकामं असताना, ती मुळाक्षरं गिरवावीत तशी स्वयंपाक शिकली. मोहरीचा तडतडाट थांबला की जिरं. जिऱ्याचा रंग एका छटेने बदलला की हिंग. बेसन भाजताना चमचा हाताला हलका लागू लागला की झालं. मीठ घातलं की मिठाचा चमचा सिंकमध्ये टाकायचा, म्हणजे दुसऱ्यांदा हात गेलाच तर चमचा नाही. आणि उरलेलं सगळं माझ्यावर. माझ्यातल्या पाण्यात ती बोट बुडवायची. बोट निवांत राहिलं तर भाजी कच्ची. चटका बसून मागे आलं तर झालीच. माझ्याखालून ‘खदखद’ ऐकू आली तर रस आहे, ‘चुरचुर’ ऐकू आली तर तो संपत आला, आता माझ्यातलं दोन चमचे गरम पाणी भाजीत सोडायचं.

सहज नाही जमलं. पहिल्या आठवड्यात तिने दोन भाज्या जाळल्या. एकदा तर माझ्यात पाणी ओतायलाच विसरली. जळलेले बटाटे तिने खरवडून टाकले, कढई घासली, खिडक्या उघडल्या आणि पुन्हा बटाटे सोलायला घेतले. डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

तीन आठवड्यांनी जेवताना तिने जाहीर केलं, “उद्यापासून डबा बंद.”

मुलगा म्हणाला, “आई, हट्ट करू नकोस. गॅस उघडा राहिला तर तुला कळणार आहे का?”

“काम झालं की मी सिलिंडरचंच बटण बंद करते. तीन आठवडे करतेय.”

“तीन आठवडे?” मुलगा आणि बाप एकदमच ओरडले. बापाचं ओरडणं जरा खोटं होतं. त्याला माहीत होतं. तो दुपारी चोरून येऊन जेवून जायचा.

सून मात्र शांतपणे म्हणाली, “आई, मी दवाखान्यात असते तेव्हा मला धास्ती वाटते. भाजीची नाही. तुमची.”

 रागाला उत्तर देता येतं, काळजीला काय देणार? बेनने ताट बाजूला सरकवलं.

“रविवारी तू स्वयंपाकघरात उभी राहा. सगळं बघ. काही करपलं, तर मी पुन्हा गॅसला हात लावणार नाही.”

माझ्या काठाला कंप सुटला. असला शब्द द्यायचा असतो का!

रविवारी तिने मुद्दाम अवघड भाजी काढली. छोटी वांगी, छोटे बटाटे, रताळ्याच्या फोडी. बेसन, शेंगदाण्याचं कूट, तीळ, धणे-जिरं, ओवा, गूळ, लिंबू, कोथिंबीर असा मसाला कालवून एकेका वांग्यात बोटाने भरला. मसाल्याची भाजी फार लवकर बुडाला लागते. सून दाराशी हाताची घडी घालून उभी होती. पहारेकरी परवडला!

फोडणी झाली. भाजी पडली. मी वर बसले, पाणी ओतलं गेलं. आच मंद केली.

पंधराएक मिनिटं झाली असतील. सून एकदम पुढे झाली. “आई, लागतंय! वास येतोय!” तिचा हात गॅसच्या बटणावर होता.

“थांब.”

“अहो, खरंच येतोय.”

“येत असेल. तीळ भाजल्याचा असेल.” बेनने कान माझ्याजवळ आणला. मी जीव मुठीत धरून बसले होते. माझ्या पाठीवरून थेंब सुटत होते, टप, टप, आणि खाली खदखद चालूच होती. मला बोलता आलं असतं तर मी कोकलले असते, की अजून रस आहे, अजून आहे! बेनने पाण्यात बोट घातलं. “अजून बोट टिकतंय. पाच मिनिटं.”

सुनेचा हात बटणावर तसाच होता. तिने सासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला. पुढची पाच मिनिटं त्या घरात कुणी श्वास घेतला असेल, असं मला वाटत नाही.

बेनने मला उचललं. वांगी मऊसूत, देठाला धरून अखंड. मसाला जागच्या जागी, बुडाला फक्त सोनेरी.

सगळे जेवायला बसले. मुलाने पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबला. नंतर सुनेने. नंतर बापाने. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

“काय झालं?” बेनने विचारलं. “करपली?”

“नाही गं,” मुलगा म्हणाला. “मीठच नाहीये.”

दोनदा पडेल या भीतीने तिने मिठाचा चमचा आधीच सिंकमध्ये टाकला होता. मिठासकट.

मला वाटलं, संपलं.  पण मग बेन ताठ बसली. मिठाची बरणी उचलून ताटांच्या मधोमध ठेवली, चांगली आवाज करून.

“शब्द करपण्याचा होता. करपली का? नाही ना? मग मीठ वरून घ्या. मिठाला उपाय आहे, जळलेल्याला नाही. उद्या मी पुन्हा करणार. परवाही. माझं नाक परत येईल तेव्हा येईल, मी त्याची वाट बघत बसणार नाही.”

 मग सुनेने चिमूटभर मीठ घेतलं, भुरभुरवलं, घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी मान न उचलता म्हणाली, “चाखायला मी आहे, आई. सकाळी निघण्याआधी एक चमचा मला देत जा. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.”

डबा दुसऱ्या दिवशी बंद झाला.

नाक पुरतं परत आलं नाहीच. कधी लिंबाचा वास येतो म्हणते, कधी नुसताच भास. त्यालाही आता चार वर्षं झाली. सकाळी सातला मी कढईवर चढते, साडेसातला सून उभ्या उभ्या चमचा चाखते, “मीठ हवं” किंवा “बरोबर” एवढं म्हणते आणि चपला घालते. कुंडीखाली तिने प्लॅस्टिकची बशी आणून ठेवली आहे. गोगलगाईला नमस्कार!

परवा वरच्या मजल्यावरची एक बाई आली होती. लोकांची घरं सजवून देते म्हणे. मला बघून तिचे डोळे चमकले. “बेन, हे जुनं पितळ तुम्ही जाळावर ठेवता? पॉलिश करून भिंतीवर लावा. किती सुंदर दिसेल!”

बेन मला घासत होती. घासता घासताच म्हणाली, “सुंदर दिसायला आमच्याकडे खूप माणसं आहेत. हिला काम आहे.”

माझा काठ झिजला आहे. कडेला एक चीर पडू पाहतेय, अजून पाणी झिरपत नाही. झिरपेल एक दिवस. तोवर माझं एवढंच सांगणं आहे. मला भिंतीवर टांगू नका, कपाटात जपू नका, माझ्याकडे बघून जुन्या आठवणी काढू नका. ताजी भाजी आणा. माझ्यात पाणी ओता, आच मंद करा आणि जरा बाजूला व्हा. पुढचं मी बघते.