दारातली लाल गाडी

तिने फडकं उलटून पाहिलं. फडकं लालभडक. गाडी मात्र होती तशीच, विटलेली, गुलाबीसर. म्हणजे इतका वेळ आपण मळ काढतोय की रंगच?

पॉलिशच्या डब्यावर छापलं होतं, गोल फिरवत घासा. दुकानदार म्हणाला होता, सरळ घासा. तिने दोन्ही करून पाहिलं होतं. शेवटी तिने दुकानदाराला फोन लावला.

“अहो, रंग निघतोय!”

“फडक्याला लागतोय? मग चांगलंय की.”

“चांगलं काय त्यात? गाडी सोलून काढतेय मी!”

“घाबरू नका, ताई. जुन्या गाड्यांना वरून पारदर्शक थर नसतो. उन्हाने मेलेला रंग निघतो, खालचा ताजा लागतो. फक्त कडांवर जोर देऊ नका, तिथे रंग पातळ असतो.”

तिने गाडीच्या दाराच्या कडेकडे पाहिलं. बोटभर पत्रा चकाकत होता.

“बरं,” म्हणून तिने फोन ठेवला.

हॉस्पिटलात एक्स-रे काढता काढता ती निवृत्त झाली होती, गाड्यांतलं तिला काही कळत नव्हतं. गाडी नवऱ्याची. त्याला रस्ते आठवेनासे झाले तेव्हा डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली, आणि ती उन्हात उभी राहून राहून अशी झाली. आता तो रोज खिडकीतून ओरडायचा, “हे कुणाचं खटारं आपल्या दारात? आपली लाल गाडी कुठे गेली?” तिने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. मागच्या आठवड्यात तो गाडी शोधायला एकटाच बाहेर पडला. चौकातल्या शिंप्याने हाताला धरून परत आणला, तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. गाडी लाल दिसली तर तो घरात थांबेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिने पुन्हा फडकं घेतलं. घासलं, पुसलं, पुन्हा घासलं. मध्येच वाटायचं, जमतंय. मध्येच वाटायचं, सगळ्याचा विचका केला. खांदा भरून आला. ऊन कललं तेव्हा बॉनेट लाल झालं होतं. खरंखुरं लाल.

“अहो, बाहेर या जरा!”

तो आला. हात मागे बांधून त्याने गाडीभोवती फेरी मारली.

“वा! काय ठेवलीय! तुमची का, बाई?”

आजवरच्या संसारात त्याने तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

“आपलीच आहे,” ती कशीबशी म्हणाली.

तो हसला. “आपली म्हणता, हा तुमचा मोठेपणा. आमचीही होती अशीच. नेली कुणीतरी.”

“बसून तर बघा.”

त्याने दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि थबकला.

“थांबा हं. मिसेसला विचारून येतो. न सांगता गेलो की ती फार घाबरते.”

तो आत गेला. आधी स्वयंपाकघरातून, मग खोलीतून त्याचा आवाज आला, तोच जुना, हक्काचा.

“अगं, ऐकलंस का? कुठे गेलीस?”

तिने नळाखाली हात धुतले. लाल पाणी वाहून जाईपर्यंत चोळले.

“आले हं,” ती म्हणाली आणि वळसा घालून मागच्या दाराने घरात शिरली.