गावाने ज्याला रंगत म्हटले

मंडळी, द्राक्षमळ्यांच्या काखेती प्रांतातल्या आमच्या गावचा कारकून गोचा 'उन्माद' हा शब्द दिवसातून दहादा वापरी. बायकोने जाजम दोनदा झटकले की उन्माद, मेहुण्याने फुटबॉल पाहिला की उन्माद. मात्र भूगोलाचे अबोल अंझोर मास्तर अचानक अखंड बोलू लागले, तेव्हा म्हणाला, "मास्तर रंगात आलेत!" आणि रविवारच्या मेजवानीला त्यांनाच तमादा केले. म्हणजे वाइनच्या प्रत्येक पेल्याआधी भाषण त्यांनी ठोकायचे.

तिसऱ्या पेल्याला मास्तरांनी आपली एकुलती गाय गोचाला बहाल केली. टाळ्या! गोचाने त्यांना मिठी मारली आणि गाय घेतलीदेखील.

चीज भरलेल्या खाचापुरी रोटीचे ताट ठेवताना मास्तरांची बायको लामारा कुजबुजली, "गोचाभाऊ, आवरा ना त्यांना. सहा दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा नाही."

"वहिनी, मास्तर गप्प होते तेव्हाही रडायचात, आता बोलतायत तरी रड!"

सगळे हसले. लामारा सोडून.

दवाखान्यातली म्हातारी परिचारिका नातेलाही हसली नाही. "मेल्या, आनंदी माणूस दमतो, झोपतो. हा दमतच नाहीये. ह्याला म्हणतात उन्माद, तुझ्या बायकोच्या जाजमाला नव्हे! आजार आहे, त्याला औषध आहे. आणि तू त्याला भाषणं करायला बसवलंस?"

तेवढ्यात मास्तर सज्जाच्या कठड्यावर चढले. पुढचा पेला अलाझानी नदीसाठी होता, आणि ती तिथून नीट दिसते म्हणे. खाली दगडी फरशी. अरेरे! आणि लोक टाळ्या वाजवत होते!

गोचाचे कान तापले. ओरडावे, तर मास्तर दचकणार. आमच्याकडे तमादाच्या परवानगीवाचून कोणी मेज सोडत नाही. गोचाने उठून टोपी काढली.

"तमादा, मला रजा द्या."

मास्तरांनी उदारपणे दिली. मग नातेलाने मागितली, मग एकेकाने. मेज रिकामे झाले. ऐकायला कोणी उरेना, तसे मास्तर खाली उतरले. दारात थांबलेला गोचा पुढे झाला.

"मास्तर, डॉक्टरांकडे जाऊ या. मी आहे सोबत."

मास्तरांनी त्याचा हात धरला. "गोचा, मला थांबताच येत नाहीये रे."

गाय त्याच दुपारी परत गेली. तीन आठवड्यांनी गोचा इस्पितळात भेटायला गेला. मास्तर झोप काढून उठले होते.

"त्या दिवशी मला कोणी थांबवलं नाही?"

"थांबवलं, मास्तर. आधी टाळ्या वाजवल्या." गोचाची नजर वर होईना.

मंडळी, आजाराचे नाव थट्टेत उधळू नका. आणि ज्याच्या आनंदाने त्याचे घरचेच घाबरतात, त्याला टाळ्या नकोत, डॉक्टर हवा.