काठोकाठ वाटी

माझी धाकटी जाऊ एलनुरा पाहुण्यांना चहा ओतता ओतता कोसळली, तेव्हा सासूबाईंना पहिली काळजी कशाची पडली असेल? फुटलेल्या वाटीची! चुलीत गेली ती वाटी.

पोरीची बोटं वाकडी झाली होती, ओठांना मुंग्या आल्या होत्या. छाती आवळून ती म्हणत होती, "एजे, मी मरतेय." एजे म्हणजे मी, घरातली थोरली. दुसऱ्या दिवशी मीच तिला नारिन शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेले. ईसीजी झाला, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "काळीज ठणठणीत आहे तुझं. हा भीतीचा झटका. त्रास खरा आहे, पण याने जीव जात नाही. चढतो आणि आपोआप उतरतो. आला की त्याच्याशी झुंजू नकोस. पाय जमिनीवर टेकव, श्वास सावकाश, लांब सोड." आणि उपचारासाठी पुन्हा यायला सांगितलं.

घरी येऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"काळीज ठीक आहे ना?" आपा म्हणाल्या. आमच्या सासूबाईंना आम्ही आपा म्हणतो. "मग जिन्नच आहे. शुक्रवारी झाडफूक करणारे दोस्बोल मोल्दा येतील, चाबकानं उतरवतील. तरी गुण नाही आला तर जाऊ दे माहेरी. मला असली सून नको."

"माणसाला झोडपून गुण येतो होय, आपा?"

"तू गप्प बस! तुला कुणी विचारलंय?"

माझं टाळकंच सटकलं. एलनुराचा नवरा उलान दारात बसून बुटांना ग्रीस चोळत होता. म्हटलं, "तू तरी बोल की, बायको आहे तुझी!" तर म्हणतो, "आईपुढे काय बोलायचं, जेने?" जेने म्हणजे वहिनी. शेळपट मेला. मेंढ्यांवर ओरडताना बरा आवाज फुटतो याचा!

मग मीच तिला गोठ्यामागे नेलं, हातात पाण्याची किटली दिली, पुढ्यात वाटी ठेवली. "धार सुरू की श्वास सोडायचा. धार चालू तोवर सोडतच राहायचं." तिचा श्वास लांबला, पण दर वेळी वाटी काठोकाठ भरायची. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धीच वाटी देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसतो. काठोकाठ भरली की अर्थ एकच, प्या आणि निघा.

"अगं बाई, मला हाकलतेस की काय?" मी म्हटलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती खळखळून हसली.

शुक्रवारी मोल्दा आले. मानाच्या जागी बसले, गुडघ्यावर चाबूक. आपा म्हणाल्या, "आधी चहा, मग बघू." एलनुराने किटली उचलली आणि तिची बोटं पुन्हा वाकडी व्हायला लागली. चेहरा पांढराफटक पडला.

"आला बघा!" मोल्दांनी चाबूक उचलला. "धरा तिला!"

मी त्यांचं मनगट पकडलं. "हात लावून दाखवा तिला! मोल्दा असाल तुमच्या घरी."

"सोड त्यांना, निर्लज्जे!" आपा किंचाळल्या.

मी सोडलं नाही. तसंच धरून ओरडले, "एलनुरा, काही होत नाहीये तुला. तोच झटका आहे, ओळखतेस ना त्याला? पाय टेकव. ओत."

तिने पायांचे तळवे गालिच्यावर दाबले आणि मोल्दांच्या वाटीत धार सोडली. तोंडाने श्वास सोडत राहिली, लांब, अगदी लांब. बोटं सैल पडली. ओठांवर रंग आला. अर्धी वाटी कधीच मागे गेली होती. धार थांबली तेव्हा चहा काठाला टेकला होता.



"अगं, काय केलंस हे!" आपांचा आवाज चिरकला. "चुकली हो मोल्दा, पोर आहे. एलनुरा, ओत ते मागे! माफी माग!"

एलनुराने भरलेल्या वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ती वाटी दोन्ही हातांनी उचलून तिने मोल्दांपुढे धरली. एक थेंबही सांडला नाही.

"घ्या, मोल्दा," ती म्हणाली. "गरम आहे तोवर प्या."