दोन इंच

“सर, तिथले हर्डल उंच होते,” गुडघ्यावरची पट्टी दाबत पोरगी म्हणाली, आणि मशीनवर बसलेला तिचा शिंपी बाप खो खो हसला.

“घ्या! अगदी तुमचंच वाक्य उचललं हिनं.”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिल्ह्याच्या निवड चाचणीत ती तिसऱ्याच अडथळ्याला आपटली होती, म्हणून ते विचारपूस करायला नुकतेच दारात येऊन उभे होते.

वाक्य त्यांचंच होतं. तरुणपणी ते अडथळ्यांच्या शर्यतीसाठी जहाजानं ऑलिम्पिकला गेले होते. तीन अडथळे पाडले की बाद, असा तेव्हाचा नियम. त्यांनी पहिल्याच फेरीत तीन पाडले. परतल्यावर गावच्या स्टेशनात फलाटावर जमलेल्या लोकांपुढे तोंडातून निघून गेलं, की तिथले अडथळेच उंच होते. लोकांनी ते लगेच मानलं. पुढे चाळीस वर्षं ते शाळेच्या मैदानावर मुलांना शिकवत होते; लोक तेच कौतुकानं सांगत राहिले, आणि सर ऐकत राहिले.

पोरीनं बुटांची जोडी त्यांच्यापुढे सरकवली. शाळेचे बूट परत घ्या म्हणाली, तिला काही धावणं जमत नाही.

सरांनी बुटांना हात लावला नाही.

“तिचं खरं आहे,” ते बापाला म्हणाले. “आपल्या हर्डलचे पाय खालून कुजले होते. गेल्या वर्षी मी ते सुताराकडून दोन-दोन इंच कापून घेतले. नवे लावणार होतो. पण पोरं भराभर पळायला लागली, हेडमास्तरांनी पाठ थोपटली. मग बसलो मूग गिळून.”

मशीन थांबलं. “आणि तुमच्या वेळी?” बापानं विचारलं.

“तिथले बरोबर होते. माझाच पाय उचलला गेला नाही.”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात सरांना कोणी बसा म्हटलं नाही.

पोरगी उठली. बापाच्या गळ्यातली टेप काढून घेऊन, बूट पायात चढवून ती लंगडत मैदानाकडे निघाली. सर मागोमाग गेले.

पहिल्या अडथळ्यापाशी ते गुडघे टेकून बसले आणि टेपचं टोक त्यांनी जमिनीला लावलं. पोरीनं आकडा वाचला. दुसऱ्याचा वाचला. तिसऱ्यापाशी टेपचं टोक त्यांच्या हातून सुटलं.

“टोक नीट धरा,” ती म्हणाली. ‘सर’ म्हणाली नाही.

त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.