साठ जणांचं छोटं पातेलं

"अहो, चिमूटभर म्हटलं मी!" बायको म्हणाली.

"चिमूट म्हणजे किती मुठी?" आचाऱ्यानं गंभीरपणे विचारलं.

प्रश्न रास्त होता. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं रोज चारशे जणांचं जेवण रांधलेल्या माणसाचा चिमटीशी संबंध येणार कुठून? मीठ मुठीनं, तेल डब्यानं आणि कांदे पोत्यानं, एवढीच मापं त्याला ठाऊक. घरचा स्वयंपाक बायकोचा. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी त्यानं घरच्या शेगडीला हात लावला नव्हता. पण गेल्या आठवड्यात बायको न्हाणीघरात घसरली, तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि इकडे लेकीचे दिवस भरत आलेले. बाळ आल्यावर महिनाभर लेक-जावयाला शेगडीकडे बघायलाही सवड होणार नाही, म्हणून त्यांचा फ्रीझर जेवणाच्या डब्यांनी भरून ठेवायचा, हे मायलेकींचं केव्हाच ठरलेलं.

"बाबा, तुम्ही नका दगदग करू," लेक फोनवर म्हणाली होती. "आम्ही विकतचं आणू."

विकतचं! तो शब्द आचाऱ्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. खरं तर तिनं त्याच्या हातचा घास कधी खाल्लाच नव्हता. कँटीनमध्ये घरच्यांना मज्जाव, आणि घरी हा पाहुण्यासारखा जेवणार. आता करून दिलं आणि तिला आवडलंच नाही तर?

पहिल्या दिवशी मसुरीचा रस्सा खारट झाला. दुसऱ्या दिवशी करपला. मोठं पातेलं चढवून माणूस खुशाल पेपर वाचायला बसू शकतो; चौघांचं पातेलं क्रीडापानापर्यंतही थांबत नाही.

"कारखान्यात हेच घालत होतात?" बायकोनं चमचा खाली ठेवला. "तुमच्याकडे युनियन नव्हती का हो?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आचारी टॅक्सीनं आला. पुढे स्वतः, मागच्या सीटवर कँटीनमधून मागून आणलेलं पातेलं.

"हे कशाला? बाळाला यात पोहायला शिकवायचंय?"

"छोटंच आहे. साठ जणांचं."

मग मात्र त्याच्या हातांना कंठ फुटला. गाजरं चिरताना सुरीकडे बघायची गरज पडेना. कांदा परतला, मसूर पडली, मीठ मुठीनं गेलं आणि त्यानं चव म्हणून घेतली नाही.

"बटाटा घाला की," बायको म्हणाली.

"गोठला की भुसा होतो त्याचा."

रस्सा पुरता निवल्यावर त्यानं डबे भरले. गोठताना फुगतं, म्हणून प्रत्येकात वर बोटभर जागा. बायकोनं डाव्या हातानं चिठ्ठ्यांवर तारखा लिहिल्या. अक्षरं शाईत बुडून चाललेल्या मुंग्यांसारखी दिसत होती. लेकीच्या फ्रीझरपुरते चोवीस डबे झाले. उरलेला रस्सा इमारतीत वाटला. त्या दिवशी तळमजल्यापासून गच्चीखालच्या नर्सबाईंपर्यंत सगळे एकच जेवण जेवले. इमारतीत एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी जावई पिशव्या घेऊन आला. मागून लेक, एका हातानं कंबर धरून.

"बाबा, चोवीस? आम्ही दोघंच आहोत!"

"दोन आठवड्यांनी मोज."

ती खुर्चीत टेकली आणि तिनं एक डबा पुढे ओढला. "हा इथंच खाते."

"अगं, तो बाळ आल्यावरचा..."

"तेव्हा चव घ्यायला वेळ कुणाला असणार? गरम करा ना."

त्यानं गरम करून वाढलं आणि सवयीनं शेगडीपाशी जाऊन उभा राहिला. कँटीनमध्ये वाढायच्या खिडकीतून त्याला नुसते हात दिसायचे, ताटं पुढे करणारे. जेवताना माणूस कसा दिसतो, हे त्यानं कामावर कधी पाहिलंच नव्हतं.

लेकीनं एक घास खाल्ला. मग दुसरा.

"मीठ?" न राहवून त्यानं विचारलं.

तोंड भरलेलं असल्यामुळे तिनं नुसताच हात हलवला, थांबा म्हणून. ताट पावानं पुसून काढलं आणि पुढे केलं.

"आणखी आहे?"

"साठ जणांचं केलंय त्यांनी, विचारतेस काय!" बायको म्हणाली.

आचाऱ्यानं दुसरा डबा गरम करून वाढला. या वेळी तो शेगडीकडे परतला नाही. समोरची खुर्ची ओढून, हात गुडघ्यांवर ठेवून, लेकीकडे बघत बसला.